पांजरीच्या उतारावरचे खोगीरवाले

बसा, बसा, सरकून बसा. काशिबा, तू भिंतीकडं हो. तुझ्या पाठीमागं दार उघडं आहे, आणि गोष्ट अर्ध्यावर आली की तूच आधी मागं वळून बघतोस. सुलाबाई, कंदील जरा बारीक करा. विझवू नका हां! बारीक करा.

हां. ऐका आता.

मी तेव्हा पंचविशीतला. धंदा हाच, जनावरांच्या साजाचा. घुंगुरमाळा, कासरे, म्होरक्या, लगाम. शाळा माझी दोन यत्तांची. बाकी सगळं बाजारानं शिकवलं. आणि बाजारानं पहिली गोष्ट काय शिकवली? समोरचा कुठल्या का पार्टीचा असेना, आपण त्याचेच! पाटील आले, 'पाटील, आम्ही तुमचेच.' पाटलांशी हाडवैर असलेले बापू आले, 'बापू, आम्ही तुमचेच.' दोघं हसत जायचे, दोघं परत यायचे. हे ध्यानात ठेवा. याच दोन शब्दांनी मला बुडवायला घेतलं होतं.

तर माझी एक घोडी होती, पारी. बुटकी, काळसर, कपाळावर पांढरा टिळा. व्यायला तिला बारा दिवस झालेले. आता व्यालेल्या घोडीच्या गळ्यात आपल्याकडं कडुलिंबाचा डहाळा बांधतात, माशा बसू नयेत, दृष्ट लागू नये म्हणून. माझ्या आईनं सकाळी ताजा डहाळा बांधून दिला. शिंगरू इतकं लहान, त्याला कुठं बाजाराला चालवणार? म्हणून ते घरी ठेवलं. दुपारपर्यंत परत येतो, म्हणालो.

आणि बाजार लांबला. दिवस कलायला आला. तेवढ्यात गावाकडचा एक माणूस घाईघाईनं आला.

"शेट, तुमच्या शिंगरानं मान टाकलीया. शेळीचं दूध तोंडाला लावलं तर थुकून टाकतंय. आई म्हणाल्या, आज रातीत पारी आली तर जगंल, न्हाईतर सकाळ बघत न्हाई."

झालं! माल तिथंच एकाकडं टाकला. पारीच्या कासेतून दूध गळत होतं हो. तिलाही कळत होतं. पुलावरून जावं तर आठ कोसांचा वळसा. पांजरीच्या उतारानं नदी ओलांडली तर तीनच कोस. मी पारीवर बसलो आणि उतार धरला.

काठावर लखू कोळी भेटला, जाळं गुंडाळत होता. मला बघून उभाच राहिला.

"शेट, हिकडनं? अंधार पडल्यावर?"

"का रे, पाणी चढलंय का?"

"पाण्याचं काय न्हाई. तिथं लढाई झालीया."

"केव्हा?"

"माझ्या पणज्याच्याबी आधी."

मला हसू आलं. पण काय करता, माझा स्वभाव! कुणी अर्धी गोष्ट सांगितली की उरलेली अर्धी काढून घेतल्याशिवाय पाय हलत नाही. म्हटलं, सांग, पण चटकन सांग.

"एका सरदाराची दोन पोरं. थोरली पाती अन् धाकटी पाती. बाप मेला, दोघं उठले एकमेकांवर. उतार ज्याच्या हातात, त्याचा मुलूख. पण मेख अशी, शेट, निशाण एकच, आरोळी एकच, घोडीबी एकाच पागेतली! वळखायचं कसं? मग थोरल्यांनी पागोट्यात कडुलिंबाचा डहाळा खोवला. पाण्यात गाठ पडली, अन् डहाळे गेले व्हावून. मग कोण कुणाचा! शेजारी दिसंल त्याला कापला. उरले ते घोड्यासकट डोहात. घोडी बुडाली, म्हणून स्वार अजून घोडं हुडकत्यात."

"आणि भांडण कशावरून होतं?"

"ते कुणाला ठावं? शेट, पुलावरनं जावा. ऐका माझं."

ऐकलं का मी? नाही ऐकलं. डोळ्यांपुढं शिंगरू होतं.

पाण्यापाशी आलो. चांदणं होतं, पण पातळ. पारी थांबली. कान टवकारले. कुठूनतरी घोडं खिंकाळलं. लांब. मग जवळ. मग पाण्याच्या आतून! होय काशिबा, आतून. मी म्हटलं, वारा असेल. वारा नव्हता.

आणि बाभळीमागून एक माणूस आला. पायी. डोक्यावर काय असेल? खोगीर! बाईनं घागर घ्यावी तसं डोक्यावर खोगीर घेतलेलं. खाली पागोट्यात कडुलिंबाची नुसती काडी, रिकिबी दोन्ही कानांशी लोंबतायत, आणि त्यातून पाणी ठिबकतंय. टप. टप.

त्यानं पारीच्या गळ्यातला डहाळा बघितला. हसला.

"आपलाच हायस की रं."

आणि माझ्या तोंडून, सवयीनं, अगदी सवयीनं, काय निघालं?

"होय बाबा. आम्ही तुमचेच."

"मग हिकडनं उतर. हिथं पाणी गुडघाभर."

उतरलो! खरंच गुडघाभर पाणी. मागं बघतो तर तो एकटा नाही. दहा-बारा जण पाण्यात उतरले होते, सगळ्यांच्या डोक्यावर खोगीर. नुसती टपटप.

मधोमध आलो आणि समोरून दुसरा आला, मागं त्याचेही तेवढेच. तशीच मिशी, तसंच खोगीर, फक्त पागोट्यात काडी नाही.

"कुणाकडचा रं तू?"

मी हळूच डहाळा ओढून मांडीखाली दाबला. शहाणपणा माझा! म्हटलं, "आम्ही तुमचेच, सरदार."

मागून आवाज आला, "काय म्हनला?"

पुढून आला, "आमचाच म्हनतोय."

"आरं, आमचा हाय त्यो! घोडी आमची!"

"तुमची? आमच्या पागेतली हाय ती!"

आणि पाणी चढलं. पारीच्या गुडघ्याचं पोटाला, पोटाचं माझ्या मांडीला. पुढून हात, मागून हात. एकानं शेपूट धरलं, एकानं आयाळ. गार हात! हिवाळ्यात विहिरीतला दोर ओढावा तसे. दोघांनी पारीच्या पाठीवर खोगीर टाकायला घेतलं, मी बसलेला असताना. पारी डोहाकडं सरकायला लागली. तिचं दूध पाण्यात पांढरं पसरत होतं. मला वाटलं, गेलं. घोडी गेली, मी गेलो, घरी ते शिंगरू गेलं.

आता बघा, दुकानात दोन गिऱ्हाइकं एकाच वस्तूला झोंबली, तर मी ओरडत नाही. मी विचारतो. माणूस उत्तर द्यायला लागला की त्याची पकड सैल होते. आणि खरं सांगू? भीती होतीच, पण मला जाणूनही घ्यायचं होतं. लखू कोळ्यापाशी तुटलेलं टोक डोक्यात टोचत होतं. मी मोठ्यानं विचारलं,

"अहो मंडळी, घोडी न्या. पण एवढं सांगा, भांडण कशावरून होतं?"

सगळं थांबलं. टपटपसुद्धा थांबली.

मागचा म्हणाला, "आधी त्यांनी काढलं."

पुढचा म्हणाला, "आम्ही? आधी तुम्ही काढलं."

"पण काढलं काय?" मी म्हटलं.

एक पोरसवदा स्वार दुसऱ्याला म्हणाला, "दादा, काय हुतं रं?" दादा म्हणाला, "जमादारास्नी म्हाईत." "जमादार कुटं हायेत?" "खाली हायेत, डोहात." मग सगळ्यांनी एकदम खाली वाकून हाक मारली, इकडच्यांनी आणि तिकडच्यांनी, मिळून.

"जमादाऽऽर! काय हुतं वो?"

हात सैल झाले. मी लगाम पारीच्या मानेवर टाकून दिला. म्हटलं, बाई, तुझं लेकरू, तुझी वाट. तिनं जी उसळी घेतली! त्यांनी दाखवलेल्या बाजूला नाही, आडवी, भलत्याच अंगानं. खडक लागला, वाळू लागली, काठ आला. मागं डोहातून बुडबुडे येत होते. उत्तर आलं असेल, तर ते मी ऐकायला थांबलो नाही.

घरी आलो तर शिंगरू निपचित. पारीनं चाटलं, नाकानं ढोसलं. बराच वेळ. मग त्यानं मान उचलली आणि कासेला तोंड लावलं. त्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे. चुपूक, चुपूक.

नाही काशिबा, गोष्ट संपली नाही. बस.

गेल्या साली आपला पिठाच्या गिरणीवाला लवंडे त्या उतारानं आला. डाव्या हाताचे सगळे केस पिकलेत त्याचे, बघितलेत ना? त्यांनी धरलेला हात तो. त्याला तिथं घोडं मागितलं नाही कुणी. तू कुणाचा, असंही विचारलं नाही. आता तिथं दोन पात्या राहिल्याच नाहीत म्हणे. सगळे एकाच काठावर बसलेत, खोगीर मांडीवर घेऊन, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला एकच विचारतात.

"त्यो टिळ्याच्या घोडीवरचा कुटं ऱ्हातो? सवाल टाकून गेला, अन् आमची झोप गेली. त्याला म्हाईत असंल."

मला माहीत नाही हो! या तीरावरच्या आणि त्या तीरावरच्या म्हाताऱ्यांना चाळीस वर्षं विचारतोय, जो तो वेगळंच सांगतो.

तेव्हा पोरांनो, कितीही घाई असू द्या, अंधार पडल्यावर पांजरीच्या उतारानं जाऊ नका. पुलाचा वळसा घ्या. आणि गेलातच, आणि त्यांनी विचारलंच, तर पाया पडतो तुमच्या, माझं घर सांगू नका.

काशिबा, ते दार लाव.