लहान सावलीवरची फुली

झेरॉक्सचं मशीन तापेपर्यंत दुकानदार दोन शिक्षिकांचं बोलणं ऐकत होता.

“ताई, ऋतूंचा तो पाठ मी इंटरनेटवरून जसाच्या तसा घेतला. ‘आज वर्षातला सर्वांत लहान दिवस, दुपारची सावली सर्वांत लांब.’”

“फुकट ते पौष्टिक! अगं, पण जूनमध्ये?”

“तो पृथ्वीच्या खालच्या अर्ध्या भागातल्या शाळांसाठी होता. तिकडे आता हिवाळा.”

“आणि पोरांनी?”

“सावलीच्या प्रश्नाला सगळ्यांनी पाठातलंच उतरवलं. एकीनेच अंगणात जाऊन पाहिलं आणि लिहिलं, सावली पायाशीच आहे. मी पाठाशी ताडून फुली मारली. तेव्हापासून ती वर्गात तोंड उघडत नाही.”

“मग आता?”

“आता तिचाच कागद सगळ्यांना वाटणार.”

“बाई, ही फुली झाकून कॉपी काढू का?” दुकानदाराने विचारलं.

“नको. ती माझी आहे. दिसू दे सगळ्यांना.”