नमस्काराला ॲम्ब्युलन्स

साताऱ्याहून आई माझ्याकडे आयर्लंडमध्ये ॲथलोनला आली ना, तेव्हा शेजारच्या नायजेरियन बाईंनी आम्हाला जेवायला बोलावलं. आई तिथे काय बोलून बसेल, याचंच मला टेन्शन. दार उघडलं आणि त्यांचा तरणाताठा मुलगा आईसमोर धाडकन पालथा पडला. मी घाबरून ॲम्ब्युलन्सला फोन लावायला लागलो. आई मात्र शांतपणे वाकली, त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "औक्षवंत हो, बाळा."

तो हसत उठला. बाई मला म्हणाल्या, "सगळं ग्रँड आहे, काही झालं नाही, फोन ठेव. आम्ही मोठ्यांना असाच नमस्कार करतो."

माझा जीव भांड्यात पडला. आई तिथे कुणाला वावगं बोलली नाही. घरी आल्यावर मला म्हणाली, "तू एअरपोर्टवर नुसतं हाय म्हणालास."