पस्त्रामीस्वामींचं दर्शन

…लेट्यूस घातलं हो त्यात! लेट्यूस, टोमॅटो, आणि वर ती काउंटरवरची मुलगी मला विचारते, "मेयो, लव्ह?" अगं बाई, पस्त्रामी आहे ते, कोशिंबीर नाही! कार्डिफची गोष्ट सांगतोय. क्लायंटकडे गेलो होतो, सकाळपासून मीटिंगा, पोटात कावळे ओरडतायत, समोर फळ्यावर खडूने 'पस्त्रामी' लिहिलेलं, आणि माझ्यासारखा भोळा माणूस आत शिरला. बाहेर आलो तेव्हा हातात जे होतं ना, त्याला फार तर भाजीबाजार म्हणता आलं असतं.

तुम्हाला सांगतो, पस्त्रामी सँडविच ही काही अवघड गोष्ट नाही. मांसाचा एक मोठा तुकडा घ्यायचा, कशाचा ते विचारू नका, तो मिठाच्या पाण्यात दिवसचे दिवस मुरवायचा, त्याला बाहेरून भरडलेले धने आणि मिरे चोपडायचे, धुरी द्यायची, वाफवायचा, कापायचा, दोन ब्रेडमध्ये ठेवून मोहरीची पेस्ट लावायची. बाजूला एक आंबवलेली काकडी. संपलं! यात लेट्यूस कुठून आलं? कोणी बोलावलं होतं त्याला?

हे वेड मला लागलं मॉन्ट्रियलला. लग्न नुकतं झालेलं, शिल्पा ठाण्याला, आणि मी एकटा ऐन थंडीत चार महिने तिकडे प्रोजेक्टवर. तिथे त्याला पस्त्रामी म्हणायचं नाही हं, रागावतात, 'स्मोक्ड मीट' म्हणायचं. न्यूयॉर्कवाले म्हणतात, ती आमची नक्कल. लंडनवाले म्हणतात, तुम्ही दोघं गप्प बसा आणि आमचं सॉल्ट… जाऊ द्या, पुढचा शब्द नको. त्याला धूर नाही, मिरे नाहीत, नुसतं शिजवतात, पण तोरा केवढा! म्हणजे थालीपीठ आणि धपाटं यांवरून दोन घरांत जशी भांडणं लागतात ना, तसं यांचं तीन शहरांत.

तर मॉन्ट्रियल. बाहेर गुडघाभर बर्फ, ऑफिसातला एक जण मला ओढत घेऊन गेला, समोर ते सँडविच आलं, मी पहिला घास घेतला आणि… तुम्ही हसाल. मला आई आठवली. धने आणि मिरे हो! आई वर्षाचा मसाला भाजायची तेव्हा तो वास जिन्यापर्यंत यायचा, मी शाळेतून येताना पहिल्या मजल्यावरच ओळखायचो की आज घरात पाय टाकला की शिंका येणार. तोच वास. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. आता आई म्हणजे कोण, तर जिच्या घरात अंड्याचा केकसुद्धा गॅलरीत उभं राहून खावा लागायचा ती बाई. तिची आठवण मला कशात यावी? कशात ते विचारू नका.

मग आम्ही इकडे इंग्लंडला आलो, ब्रॅकनेलला. आमची मुलगी अन्वी इथलीच. आणि मी तो वास शोधायला लागलो. ब्रॅकनेलमध्ये मिळतं, नाही असं नाही, ऑफिसखालच्या दुकानात, सँडविच-वेफर्स-कोक एका भावात देणाऱ्या मील डीलमध्ये, तिकोनी डबीत. तो काप एवढा पातळ की त्यातून मी लॅपटॉपवरचं ईमेल वाचलं. खरंच वाचलं! मग कॉव्हेंट्री. तिथे आमचा शशिधर असतो, कॉलेजपासूनचा मित्र, त्याला कुठल्याही गोष्टीचं नाव घ्या, "आमच्याकडे बेस्ट मिळतं जयंत, तू ये तर." गेलो. तर ते नानमध्ये, वर हिरवी चटणी, वर किसलेलं चीज! मी म्हटलं, "शशी, हे काय आहे?" तर म्हणतो, "फ्यूजन." आणि चव चांगली होती हो, तेच तर दुःख आहे. दोन खाल्ली मी. पण ते पस्त्रामी नव्हतं.

शेवटी लंडनमध्ये सापडलं. मोठ्या रस्त्यावरून आतल्या गल्लीत, चार टेबलांचं दुकान, काउंटरमागे बर्नी नावाचा म्हातारा, छातीपर्यंत पांढरी दाढी, पांढरा एप्रन, आणि काप? जाड! गरम! कडेला धन्या-मिऱ्यांची काळी साल! मी डोळे मिटले आणि ठाण्याच्या जिन्यात उभा होतो. तेव्हापासून दर शनिवारी मी तिकडे. एका शनिवारी मी निघताना शिल्पा म्हणाली, "एखादा माणूस देवाला जात नाही इतक्या नेमानं." हे वाक्य तिने बोलायला नको होतं.

कारण त्याच शनिवारी ठाण्याहून आईचा व्हिडिओ कॉल. मी लंडनमध्ये, शिल्पा बाथरूममध्ये, फोन घेतला अन्वीने. आमची अन्वी आठ वर्षांची, मराठी बोलते, पण मराठीला तेवढं कळायला हवं. आई विचारते, "बाबा कुठे गेला गं?" तर ही म्हणते, "बाबा पस्त्रामीकडे गेली. दर सॅटर्डेला जाते. आधी कार्डिफ जायची, कॉव्हेंट्री जायची, आता लंडनचा पस्त्रामी बेस्ट आहे." आई म्हणते, "स्वामींकडे?" तर ही म्हणते, "हो, पस्त्रामी." आई म्हणते, "मग तिथे काय करतो?" तर ही म्हणते, "डोळे बंद करून बसते. मग हॅपी होते."

सांगा आता. यात एक तरी शब्द खोटा आहे का?

संध्याकाळी आईचा मला फोन. आवाज असा की मी घाबरलोच. "जयू, मला सांगायचं नाहीस का रे? मी रोज काळजी करते. बाबा गेल्यापासून तू कोणाशी धड बोलत नाहीस, नुसतं काम काम, आणि तुला गुरू भेटले, नि मला माहीत नाही?" बाबांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. या दोन वर्षांत आई फोनवर हसलेली मी ऐकली नव्हती, ती त्या दिवशी हसली. मी म्हणणार होतो, आई, अगं ते स्वामी नाहीत. तोंड उघडलंही होतं. पण पुढे काय सांगू? "मग कोण आहेत?" म्हणाली असती. कोण नाही, काय आहे. आणि काय आहे ते कशाचं आहे? विचारू नका! मी आपला म्हटलं, "हो, बरं वाटतं तिथे." झालं, संपलं, फसलो.

बरं, हे प्रकरण आमच्या दोघांत राहील असं मला वाटलं होतं. ठाण्यातल्या सोसायटीत काही दोघांत राहतं का? महिन्याभरात अकरा बायका! दर गुरुवारी आमच्या हॉलमध्ये जमून पस्त्रामीस्वामींच्या नावाने भजन! चौबळ काकूंच्या मुलाचा व्हिसा झाला, तो स्वामींमुळे. दुसऱ्या कोणाचा गुडघा दुखायचा राहिला, तोही स्वामींमुळे. आई मला फोनवर विचारते, "स्वामींचं मूळ गाव कुठलं?" मी म्हटलं, "रुमानिया की तिकडे कुठेतरी, नक्की माहीत नाही." आई तिकडे बायकांना सांगते, "पूर्वाश्रमीबद्दल बोलत नाहीत." शिल्पाने हात वर केले. म्हणाली, "मी आईंशी खोटं बोलणार नाही आणि खरंही मी सांगणार नाही. तू निस्तर."

आणि मे महिन्यात आई आली. सहा महिन्यांसाठी. हीथ्रोवर व्हीलचेअरमधून उतरली, मला जवळ घेतलं आणि पहिलं वाक्य, "दर्शनाला कधी जायचं?" बॅगेत शाल आणि नारळ, आणि अकरा बायकांची नावं तोंडपाठ! या बाईला कळलं की आपला मुलगा हे खातो, तर ती रागावली असती ते परवडलं असतं. पण ती रागावत नाही हो, ती गप्प होते. बाबा गेले तेव्हा झाली होती तशी. ते मला पुन्हा बघायचं नव्हतं, म्हणून मी खोटं बोलत होतो, दुसरं काही कारण नाही.

मी बेत केला. लंडनच्या देवळात न्यायचं, तिथे सांगायचं की स्वामी कॅनडाला गेलेत. शनिवारी निघालो, आई पैठणीत, मांडीवर नारळ, मोटरवेला लागलो, सगळं सुरळीत. देवळाशी गाडी थांबली आणि मागून अन्वी, "बाबा, रॉंग जागा! पस्त्रामी इकडे नाही. तो बर्नीचा दुकानात." आई म्हणाली, "दुकानात?" मग आई स्वतःच म्हणाली, "अरे, खरे साधू असेच असतात. आश्रम-बिश्रम काही नाही. चल तिकडे." शिल्पा खिडकीबाहेर बघत होती. तिचे खांदे हलत होते. ती रडत नव्हती.

दुकानाच्या दारात आईने चप्पल काढली. मी म्हटलं, "आई, इथे काढत नाहीत." "तुझी तू घाल," म्हणाली, आणि आत गेली. समोर बर्नी. ती पांढरी दाढी, ते पांढरे कपडे, गरम वाफेत उभा. आईने हात जोडले. शाल पुढे केली. बर्नी बिचारा भांबावला, पण माणूस भला, वाकून म्हणाला, "फॉर मी, माय डार्लिंग?" आणि एप्रनवर शाल! मग त्याला वाटलं असणार की आपणही काहीतरी द्यावं, म्हणून त्याने सुरीने एक छान काप काढला आणि पुढे केला. आईने उजवा तळहात पसरला, खाली डावा धरला, आणि प्रसाद घेतला.

तिने तो हात कपाळाला लावला. आता तोंडाकडे नेणार. माझी आई, जिने जन्मात… आणि मी शेजारी उभा. गप्प राहिलो असतो तर काही झालं नसतं हो. तिला कधी कळलंही नसतं. आणि मी आयुष्यभर तिच्या डोळ्याला डोळा देऊ शकलो नसतो. मी तिचं मनगट धरलं. "आई, नको."

आई थांबली. हात नाकाशी नेला. वास घेतला. "धने," म्हणाली. मग, "मिरे." मग माझ्याकडे बघून, अगदी हळू, "कशाचं आहे, जयू?"

विचारलं. तिनेच विचारलं!

मी म्हटलं, "आई, स्वामी कोणी नाहीत. हेच पस्त्रामी. मांस आहे. गा—"

"पुढचं बोलू नकोस," आई म्हणाली. तो काप कागदात ठेवला, बेसिनशी जाऊन हात धुतले, दोनदा धुतले, आणि येऊन बसली. गप्प. तेच गप्प, ज्याची मला भीती होती. बर्नीने न सांगता तिला काळा चहा आणून दिला. ती म्हणाली, "मला वाटलं, तुला कोणीतरी भेटलं रे. ज्याच्याशी तू बोलतोस."

मी म्हटलं, "आई, मी इथे येतो तो या वासासाठी. तुझ्या मसाल्याचा वास आहे हा. डोळे मिटले की मी घरी असतो."

आईने चहाचा एक घोट घेतला. मग म्हणाली, "मसाला संपला तर फोनवर सांगायचं नाही का? कुरिअर केला असता." आणि थोड्या वेळाने, "त्याला सांग, धने जास्त भाजलेत. कडवट वास येतोय." बर्नी विचारतो, "व्हॉट डज शी से?" मी म्हटलं, "शी लव्ह्ज द शॉप." बर्नी एवढा खूश झाला की त्याने मला एक सँडविच बांधून दिलं, फुकट. नको कसं म्हणायचं? गाडीत येऊन बसलो, पुडकं माझ्या मांडीवर, गरम, सुगंध सुटलेला. आणि आईचा फोन वाजला.

अकराच्या अकरा! आज दर्शन म्हणून मुद्दाम जमलेल्या, स्पीकरवर. चौबळ काकू विचारतायत, "यमुनाताई, झालं का दर्शन? आमचा मुलगाही येतोय लंडनला, पुढच्या शनिवारी पाठवू का स्वामींकडे?" मी हातानेच आईला म्हटलं, सांग काहीतरी. आई आयुष्यात कधी खोटं बोललेली नाही. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा माझ्या मांडीवर पाहिलं, आणि शांतपणे म्हणाली, "नका पाठवू. स्वामींनी देह ठेवला."

तिकडे हुंदका. "अगंबाई! कधी?"

"आत्ताच. आमच्या डोळ्यांदेखत."

मी मांडीवर बघतोय. एक अक्षर खोटं नाही हो! ठेवलाच होता. दोन ब्रेडच्या मध्ये, मोहरी लावून.

फोन ठेवला तिने आणि मी हळूच पुडक्याची घडी उलगडायला लागलो, तर माझ्या हातावर चापट. "त्या अकराजणी आता तेरा दिवस गोड खाणार नाहीत, तुझ्या स्वामींसाठी. आणि तू?"

आज नववा.