सेकंदाचा तिसावा भाग

— नाही हो ताई, हजारावर नको. हजारावर काढलात तर मुलगा स्पष्ट येईल, चाकाची तार न् तार मोजता येईल, पण सायकल उभी करून वर बसवलाय असं वाटेल — मग बिचाऱ्याने एवढे पाय मारले कशाला? वेग दिसायला हवा ना तुम्हाला? मग हे चाक फिरवा, इकडे — पाचशे, अडीचशे, सव्वाशे, साठ — हां, तीस. सेकंदाचा तिसावा भाग. ऐकायला चिमूटभर वाटतो, पण त्यात काय काय मावतं ते — असो. तुमच्या वडिलांचा कॅमेरा म्हातारा झालाय, पण शटर ठणठणीत आहे, मी कालच उघडून पाहिलं. आता नुसतं तीसवर ठेवून भागत नाही. मुलाबरोबर कॅमेरा फिरवायचा, कमरेतून वळायचं, पाय जागचे हलू द्यायचे नाहीत, आणि वळता वळता बटण दाबायचं. मग मुलगा स्पष्ट येतो आणि मागचं सगळं, भिंती, झाडं, पाट्या, नुसते पट्टे होऊन वाहतं. पहिले पन्नास फोटो वाया जाणार. नंतर माझ्या नावाने खडे फोडू नका.

तो — तो नमुन्याचा नाही. पाकिटातच राहायला हवा होता. असू द्या, घेतलाच आहात हातात तर बघा. हो, तीसवरच काढलाय. चेहरा बघा, दात बघा, केस कसे मागे उडालेत. चांगला आहे, मला माहीत आहे. एकतीस वर्षांत असा दुसरा जमला नाही. धाकटी बहीण माझी. बारा वर्षांची. मी तेव्हा वीस-एकवीस, कॅमेरा नवा, डोक्यात दुसरं काही नाही — आणि सराव कोणावर करायचा? घरातल्या माणसावर. आमच्या घरासमोर उताराचा रस्ता होता, मध्येच डावीकडून एक गल्ली येऊन मिळायची. ती वरून सायकल सोडायची, मी खाली उभा. आधी हजारावर काढले, धुऊन दाखवले, तर म्हणाली, ‘दादा, यात मी कुठे चाललेय? यात तर मी पंक्चर झाल्यासारखी बसलेय.’ अशी तोंडाची फटकळ. मग तीस. रोज संध्याकाळी, आठवडाभर. वरून तिला गल्ली दिसायची नाही, म्हणून आमचं ठरलेलं — मी गल्लीच्या तोंडाशी जाऊन बघणार, रस्ता मोकळा असला की परत येऊन हात वर करणार, मगच तिने निघायचं. एकदाही मोडलं नाही तिने. दहा वेळा, बारा वेळा — तिने पाय मारत वर चढायचं आणि मी म्हणायचं, आणखी एकदा.

गेली ती. त्याच रस्त्यावर. दुधाची गाडी आली गल्लीतून. नाही, दवाखान्यात न्यायची वेळच आली नाही. मी रोल बदलत होतो, मान खाली होती, आणि ती तेवढ्यात न सांगता निघाली. पोरच अवखळ, काय करणार. सगळे तेच म्हणाले.

काय झालं? अशा का बघताय? फोटोकडे काय —

हं.

बरोबर आहे. रोल बदलत होतो, तर मग हा काढला कोणी? एकतीस वर्षांत हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या. तुम्ही विचारलंही नाहीत म्हणा. तो पांढरा पट्टा दिसतोय ना, पुढच्या चाकाच्या अलीकडे — भिंत नाही ती. तीच गाडी. मला दिसली नाही हो, खरंच दिसली नाही. एक डोळा मिटलेला, दुसरा कॅमेऱ्याला, आणि त्या चौकटीत ती एकटीच स्पष्ट होती. शिवाय बटण दाबलं की आतला आरसा वर उडतो, डोळ्यापुढे काळोख. ज्या क्षणाचा फोटो येतो तेवढा क्षण काढणाऱ्याला दिसतच नाही. मी आवाज ऐकला. हा फोटो मी पाहिला तो चार महिन्यांनी, रोल धुतला तेव्हा.

पण ते नाही, ताई. गाडी दिसली नाही ही काय चूक आहे? ऊन उतरत होतं. तीन-चार फोटोच शिल्लक होते. ती वरून ओरडली, ‘दादा, पुरे आता, पाय दुखतात,’ आणि मी म्हटलं, शेवटचा. आणि गल्लीपर्यंत गेलो नाही. उन्हाकडे बघितलं आणि जागेवरूनच हात वर केला. केला मी. ती माझ्या हातावर भरवसा ठेवून निघाली, आणि मी सगळ्यांना सांगितलं की ती न सांगता निघाली. मेलेल्या पोरीवर ढकललं. ती थोडीच उठून खोटं पाडणार होती?

काल काय झालं — आईची नजर जात चाललीय, तर मागच्या आठवड्यात म्हणाली, दिसतंय तोवर धाकटीचा एक फोटो उशाशी ठेव. शाळेतला नको, त्यात ती भ्यालेली दिसते, हसरा दे. हसरा हाच एक आहे. आठ दिवस टाळलं. मग म्हटलं, तिला कुठलं एवढं बारीक दिसतंय, आणि काल मोठा करून दिला. तिने भिंग लावलं, खूप वेळ बघितला. हसली. मग बोट त्या पट्ट्यावर नेलं आणि तिथेच ठेवलं. मी तयारीच केली होती — म्हणणार होतो, हा आदल्या दिवशीचा. तिने विचारलंच नाही. म्हणाली, ‘मी खिडकीतून रोज बघायचे रे. तुझा हात वर झाल्याशिवाय ती कधीच निघायची नाही. मला त्याच दिवशी कळलं होतं.’

मी म्हटलं, मग बोलली का नाहीस? लोक तिला अवखळ म्हणत होते, तू ऐकून घेतलंस? तर म्हणाली, ‘एक गेली होती. दुसरा घालवायचा नव्हता.’ आणि फोटो परत दिला मला. हा नको म्हणाली.

आज सकाळी उठून तिने रोजच्यासारखा डबा भरला. धड दिसत नाही, चाचपडत भरते. एकतीस वर्षं, ताई — सगळं माहीत असून. मी तिच्यासमोर बसून जेवलोय, खोटं तसंच पोटात ठेवून, आणि ती वाढत होती. आता घरी जाऊन तिच्यासमोर कसं बसू, सांगा ना. तुम्हीही आई आहात.

नको. नका सांगू. आणा तो फोटो इकडे. तुमचा कॅमेरा पिशवीत घाला, लेन्सचं बूच नीट लावा. पैसे राहू द्या. शिकायचं असेल तर दुसऱ्या कोणाकडे जा, बाजारात दोन-तीन दुकानं आहेत. जा म्हटलं ना. आणि दार ओढून घ्या.