तालातल्या मुंग्या

खोटंच सांगायचं असतं तर घरबसल्या सांगितलं असतं. पण ही दोघं सभागृहाच्या रांगेत अगदी माझ्या नाकासमोर उभी होती. नवरा व्हायोलिनचे मास्तर, बायको त्यांच्याहून वरचढ.

“मी आत येणार नाही. लेकीला जन्मभर शास्त्रीय शिकवलं, आणि ती मैत्रिणींना घेऊन व्हायोलिनवर रॉकची गाणी वाजवणार!”

“मग रांगेत कशाला उभे आहात?”

“तुला सोबत म्हणून.”

“आणि त्या छत्रीच्या पिशवीत काय आहे?”

“छत्री.”

“छत्रीला केस कधीपासून यायला लागले?”

“बरं, व्हायोलिनचा गज आहे. जादाचा. रॉक म्हणजे नुसती घासाघास, गजाचे केस तटातट तुटतात. भर कार्यक्रमात पोर अडली तर?”

“तुटतात हे तुम्हाला काय माहीत? तालमीच्या वेळी तर दार लावून बसायचात.”

“दाराला फट आहे.”

मला राहवेना. “खरंय हो मास्तर! माझे आजोबा असे वाजवायचे, की शेवटी घोडाच शेपटीचे केस परत मागायला दारात आला!”

“बघ, या आजींना कळतं!”

“मग गज द्या त्या दारावरच्या माणसाकडे, आणि जा घरी.”

“त्याच्याकडे? तो केसांना बोटं लावेल! मीच देतो. देऊन लगेच बाहेर.”

आत शेवटची तालीम दणक्यात सुरू झाली.

“अहो, पाय का हलतोय?”

“मुंग्या आल्यात.”

“तालात?”

“सरक की पुढे! पहिली रांग भरेल.”