सोवळ्यात शिवलीस

मंगला गौरीच्या देवळाजवळच्या दवाखान्यात, माझ्या समोरच्या बाकावर, सलाइन लावलेले एक वृद्ध गुरुजी शेजारी बसलेल्या सुनेवर चिडले होते.

"ईशानी, मी सोवळ्यात होतो आणि तू मला शिवलीस."

"तुम्ही भर उन्हात घाटावर कोसळला होतात, मामंजी. अंग भाजत होतं आणि घामाचा थेंब नव्हता."

"म्हणून यजमानांसमोर माझ्यावर बादल्या ओतायच्या?"

"ओतल्या. सावलीत ओढूनही मीच नेलं. यजमान तुमच्या तोंडात गंगाजल घालायला निघाले होते. बेशुद्ध माणूस गुदमरतो, म्हणून त्यांचा हात धरला."

"यजमानांचा हात धरलास!"

"पुन्हा वेळ आली तर पुन्हा धरेन."

"उद्या दुपारी त्यांचीच पूजा आहे. मी जाणार."

"डॉक्टरांनी आठ दिवस बाहेर पडायला मनाई केलीय. पूजा सकाळी सहाला होईल, ऊन चढायच्या आत. मी सांगणार आहे."

"तू? बाईनं पूजा सांगायची?"

"यजमान तयार आहेत."

"आणि मंत्र?"

"पंधरा वर्षं रोज तुमचे ऐकतेय."

गुरुजी तिच्याकडे वळले.

"संकल्प म्हणून दाखव."

तिनं तिथंच म्हणायला सुरुवात केली.

"थांब. घाई करतेस. पुन्हा पहिल्यापासून."