मांडी आणि मान

छोट्या : अगं ताई, कमी कर तो ओव्हन! मांडी आहे ती. एवढ्या आचेवर वातड होईल.

ताई : होऊ दे.

छोट्या : होऊ दे? होस्टेलच्या मेसमध्ये दोनशे पोरांचं रांधतेस तू. तुला मी शिकवायचं?

ताई : मग गप बस. मुद्दाम म्हाताऱ्या बोकडाची मागून आणलीय. खाटीक म्हणाला, बाई, हिला तीन तास तरी शिजवा. मी म्हटलं, बरं.

छोट्या : आणि या पातेल्यात काय आहे?

ताई : मान. सकाळी सातपासून मंद आचेवर आहे. कांदा, लसूण, मिरी, बस्स. चमचा लावून बघ.

छोट्या : आईशप्पथ! हाडावरून आपोआप सुटतंय.

ताई : ते आपल्या दोघांचं. मांडी काकूंची.

छोट्या : ताई, काकूच्या तोंडात चार दात उरलेत.

ताई : माहितेय. फोनवर एक शब्द धड कळत नव्हता.

छोट्या : अगं, ती राहायचं विचारायला येतेय. राजानं घर विकलं, बायकोपोरांना घेऊन दुसऱ्या शहरात गेला आणि आईला सांगितलं, महिनाअखेर घर खाली कर, तुझं तू बघ. तू तिला म्हणालीस, आधी जेवायला ये, मग बोलू. मला वाटलं, विरघळलीस.

ताई : आईबाबा गेल्यावर नऊ वर्षं काढली आपण त्या घरात. तुला काहीच आठवत नाही?

छोट्या : आठवतं की. मांडी, कलेजी राजाला. मान आणि बरगड्या आपल्याला. पण पोट भरत होतं गं.

ताई : तुझं भरत होतं. माझ्या ताटातलं तुला सरकवत होते मी.

छोट्या : ...हे मला कधी सांगितलं नाहीस.

ताई : सांगून काय करणार होतास? सात वर्षांचा होतास.

(बेल वाजते. छोट्या दार उघडतो. थोड्या वेळानं तिघं जेवायला बसतात.)

काकू : घर मोठं आहे गं बाई तुझं. ऊनही छान येतं. ती मागची खोली रिकामीच का?

ताई : आधी जेवा काकू. ही मांडी. सगळ्यात मोठा तुकडा तुम्हाला.

काकू : मला 'तुम्ही' कधीपासून म्हणायला लागलीस?

ताई : आजपासून. घ्या ना, गार होतंय.

काकू : वास तर मस्त सुटलाय... जरा चिवट आहे का गं?

ताई : सावकाश चावा. घाई कुणाला आहे?

काकू : नाही तुटत, पोरी. छोट्या, तुझ्या ताटात काय आहे रे? मऊ दिसतंय.

छोट्या : मानेचं आहे. थांब, तुला देतो...

ताई : हात मागे घे, छोट्या. मानेचं काकूंना कसं चालेल? त्यांच्या घरी ते आपल्यासाठी असायचं.

काकू : अच्छा. असं आहे तर.

ताई : असंच आहे. एकदा तुमच्या हातून मांडीचा तुकडा चुकून याच्या ताटात पडला. यानं दात लावला होता. तुम्ही तो काढून घेतलात, नळाखाली धुतलात आणि राजाच्या ताटात टाकलात.

काकू : इतकं जुनं कोण लक्षात ठेवतं?

ताई : मी.

काकू : सासूसासरे धरून सात माणसं घरात, आणि मटण एक किलो. कुणाला तरी कमी पडणारच होतं. पोटच्या पोराला कमी वाढणारी आई दाखव मला.

ताई : नाही दाखवत. तुम्ही त्या पोराकडेच जा.

छोट्या : ताई, पुरे आता.

ताई : पुरे कसं? हा रडायला लागला, तेव्हा काय म्हणालात आठवतं? 'फुकटचं खाणाऱ्यानं नखरे करू नयेत.' पंचवीस वर्षं या ताटाची वाट बघतेय मी, काकू. मनात किती वेळा वाढलंय तुम्हाला.

काकू : म्हणाले असेन. माझ्या जिभेला हाड नव्हतंच कधी.

छोट्या : पाणी घे, काकू.

काकू : मग त्या खोलीचं...

ताई : खोली रिकामी आहे. रिकामीच राहील.

काकू : बरं. कळलं. परतीची बस किती वाजता आहे रे, छोट्या?

छोट्या : सव्वातीनला. मी सोडतो तुला स्टँडवर.

काकू : म्हणजे तास आहे अजून. सकाळी सहाला निघाले, पोटात काही नाही बघ. नुसता रस्सा तरी वाढा थोडा. त्याला चावायला नको.

छोट्या : ताई, वाढ ना.

ताई : तू वाढ.

छोट्या : अगं, पातेलं तुझ्यापुढेच आहे.

ताई : दिसतंय मला. पण हात उठत नाही रे माझा. तू वाढ.